वाचकांचे प्रश्न : दिवाडी बेटावरचा निवांत दिवस

दिवाळीची सुट्टी जवळ आली की या सदराकडे गोव्याविषयीची पत्रे वाढतात, हा दरवर्षीचा अनुभव आहे. या वेळी मात्र आलेली बरीच पत्रे समुद्रकिनाऱ्यांविषयी नसून मांडवी नदीतल्या दिवाडी या बेटाविषयी आहेत, म्हणून हा महिना त्या एका बेटासाठीच राखून ठेवला आहे. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण त्यातली विचारणा थोड्याफार फरकाने सर्वांचीच आहे.

प्रश्न : गेली सहा-सात वर्षे आम्ही दिवाळीनंतर दोन दिवस गोव्याला जातो, पण कळंगुट आणि बागा येथील गर्दीत आता मन रमत नाही. जुन्या गोव्यासमोर दिवाडी नावाचे शांत बेट आहे, असे ऐकले. बरोबर चौऱ्याहत्तर वर्षांची आई आहे आणि तिचे गुडघे दुखतात. मुलगा दहा वर्षांचा आणि मुलगी सात वर्षांची आहे. स्वतःची गाडी आहे. बेटावर पाहण्यासारखे नेमके काय आहे, आईला ते झेपेल का, आणि पहाटे कोल्हापूरहून निघून त्याच दिवशी बेट पाहणे जमेल का? — एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तेवढे चुकले तर बाकीच्या माहितीचा काही उपयोग होणार नाही. पहाटे कोल्हापूर सोडून त्याच दिवशी दिवाडी पाहण्याचा बेत करू नका. निपाणी, उत्तूर, आजरा, आंबोली, सावंतवाडी या मार्गाने पणजी साधारण सव्वादोनशे किलोमीटर पडते, आणि घाट, आंबोलीतला चहा व मुलांचे थांबे धरले तर सहा तास सहज जातात. मी पहिल्यांदा हीच चूक केली होती. मे महिना होता. बेटावर पाय ठेवला तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता, टेकडीवरच्या चर्चचे दार बंद होते, रस्त्यावर चिटपाखरू नव्हते, आणि उन्हामुळे तासाभरातच आम्ही परतीच्या फेरीबोटीच्या धक्क्यावर येऊन बसलो. बेट पाहिले असे म्हणायला जागा होती, पण पाहिले काहीच नव्हते. पुढच्या हिवाळ्यात पणजीला मुक्काम करून सकाळी आठच्या सुमारास तिथे गेलो, तेव्हा हेच ते गाव का, असा प्रश्न पडला. म्हणून पहिला दिवस प्रवासाला द्यावा, पणजीत किंवा जुन्या गोव्याच्या आसपास राहावे, आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ बेटासाठी मोकळी ठेवावी.

दिवाडी हे तिसवाडी तालुक्यातले बेट असून त्याला मुख्य भूमीशी जोडणारा पूल नाही. गावकऱ्यांना कामाला, शाळेला, बाजाराला जायचे तर फेरीबोटीनेच जावे लागते, आणि या बेटाची जी काही शांतता टिकून आहे तिचे मोठे कारण हेच आहे, असे मला वाटते. जुन्या गोव्याहून, रायबंदरहून आणि पलीकडे डिचोली तालुक्यातल्या नार्वे गावाहून, अशा तीन बाजूंनी फेरीबोटी येतात. त्या गोवा सरकारचे नदी परिवहन खाते चालवते. पायी जाणाऱ्याला तिकीट लागत नाही, चारचाकीला किरकोळ शुल्क पडते. आपण जुन्या गोव्याच्या बाजूने जावे. सेंट कॅजेटनच्या चर्चजवळून नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर जांभ्या दगडाची एक कमान लागते. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा व्हाइसरॉय असताना १५९७ मध्ये ही कमान उभारली गेली. ती पुढे पडली आणि १९५४ मध्ये पुन्हा बांधली गेली. पोर्तुगालहून आलेला प्रत्येक नवा व्हाइसरॉय याच कमानीतून शहरात प्रवेश करीत असे. आज त्याच कमानीखालून शाळकरी मुले, भाजीच्या पाट्या आणि दुचाक्या धक्क्याकडे जातात.

फेरीबोटीविषयी दोन सूचना आईंच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. ओहोटीच्या वेळी धक्क्याचा उतार जास्त उघडा पडतो आणि त्याच्या खालच्या भागावर शेवाळ असते, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या माणसाने तिथे पायी चढउतार करू नये. आईंना गाडीतच बसू द्यावे. गाडी बोटीवर चढली की इंजिन बंद करून हँडब्रेक ओढावा आणि काचा खाली घ्याव्यात, म्हणजे नदीचा वारा त्यांनाही मिळेल. मुलांना मात्र हात धरून खाली उतरवा आणि कठड्यापाशी उभे करा. नृसिंहवाडीला नावेत बसलेल्या कोल्हापूरच्या मुलांना नदी नवी नसते. पण समुद्राच्या भरतीबरोबर पाणी वर चढणारी आणि ओहोटीबरोबर उतरणारी नदी त्यांनी बहुधा पाहिलेली नसते. पलीकडे पोहोचायला काही मिनिटेच लागतात.

आता बेटावर पाहायचे काय, या प्रश्नाकडे वळतो. माझे स्पष्ट मत असे आहे, की दिवाडीवरची सर्वांत पाहण्याजोगी गोष्ट धक्क्यावरून गाव गाठेपर्यंतच्या रस्त्यावरच आहे, आणि बहुतेक प्रवासी ती गाडीच्या काचेतून मागे टाकून थेट चर्च गाठतात. ती गोष्ट म्हणजे खाजन शेती. नदीकाठची सखल, खाऱ्या पाण्याखाली जाणारी जमीन माती, पेंढा आणि जांभ्याचे बांध घालून शेकडो वर्षांपूर्वी भाताखाली आणली गेली, आणि या बांधांची देखभाल गावाची सामायिक संस्था, म्हणजे पूर्वीची गावकरी आणि पोर्तुगीज काळापासूनची कोमुनिदाद, करीत आली. पावसाळ्यात पावसाचे पाणी जमिनीतला खारेपणा धुऊन काढते आणि त्यावर कोरगुट नावाचा, खारेपणा सोसणारा भात उभा राहतो; कापणी झाल्यावर त्याच खाचरांत खारे पाणी घेऊन कोळंबी आणि मासे मिळवले जातात. आपण दिवाळीनंतर जाणार आहात, म्हणजे कापणी झालेली किंवा होत आलेली असेल, आणि बगळ्यांचे थवे खाचरांत उतरलेले असतील.

रस्त्याच्या कडेला जिथे बांधाला भगदाड ठेवून लाकडी दारे बसवलेली दिसतील, तिथे गाडी थांबवा. त्या दाराला तिकडे मानस म्हणतात. दोन्ही बाजूंना जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत, मध्ये उभ्या खाचा, आणि त्यात जाड फळ्यांची झडप असते. भरतीचे पाणी बाहेरून चढू लागले की त्याच्या दाबाने झडप आपोआप मिटते आणि खारे पाणी शेतात शिरत नाही. ओहोटी लागून बाहेरची पातळी उतरली की आतल्या पाण्याच्या दाबाने ती उघडते आणि शेतात साचलेले पाणी नदीत निघून जाते. कुणीही दोरी ओढत नाही, कुणी मोटार चालवत नाही. मी पाहिलेल्या एका मानशीवर झडप मिटण्याच्या बेताला होती. फळ्यांच्या फटीतून पाण्याची एक बारीक धार आत येत होती, तिच्याबरोबर बोटाएवढे मासे आत येत होते, आणि भिंतीवर बसलेला एक खंड्या त्या धारेवर डोळा ठेवून होता. अर्ध्या तासात धार थांबली आणि बाहेरचे पाणी आतल्यापेक्षा वीतभर उंच दिसू लागले. आपल्या मुलाला शाळेत पाण्याचा दाब शिकवला असेल, तर त्याला हे दाखवाच.

मुलीसाठी खारफुटीच्या मुळांजवळचा चिखल पुरेसा आहे. ओहोटीला तिथे निवटे दिसतात. हा मासा असूनही पुढच्या परांवर रेलत चिखलावरून सरपटतो आणि चाहूल लागताच उडी मारून बिळात जातो. त्याच चिखलात एक नांगी भलतीच मोठी असलेले छोटे खेकडे असतात आणि ते ती नांगी सारखी वर-खाली हलवत असतात. चिखलात कुणालाही उतरू देऊ नका, कारण तो दिसतो त्यापेक्षा बराच खोल असतो. रस्त्यावरून, शांत उभे राहून पाहिले तरच हे प्राणी बाहेर येतात. दहा मिनिटे न बोलता उभे राहण्याची अट मुलांना आधी सांगून ठेवा.

यानंतर पिएदाद गावची टेकडी. वरच्या चर्चपर्यंत गाडी जाते, त्यामुळे आईंना चढ चढावा लागणार नाही. हे चर्च अठराव्या शतकाच्या सुरुवातीचे असून त्याची रचना अंतोनियो जुआंव द फ्रियास या गोमंतकीय पाद्रीने केली, ही नोंद मला महत्त्वाची वाटते. इथल्या इमारती परक्यांनीच उभ्या केल्या असे आपण सहज धरून चालतो, ते पूर्ण खरे नाही. टेकडीवर पूर्वी गणपतीचे देऊळ होते. धर्मांतराच्या काळात भाविकांनी ती मूर्ती बेटाबाहेर नेली आणि आज ती फोंडा तालुक्यात खांडोळे येथे आहे, असे मानले जाते. चर्चच्या बाजूच्या दफनभूमीत कदंबकालीन, म्हणजे पोर्तुगिजांच्या पूर्वी गोव्यावर राज्य करणाऱ्या कदंब राजांच्या काळच्या, देवळाचे कोरीव अवशेष सामावून घेतलेले एक छोटे प्रार्थनाघर आहे. ज्याने खिद्रापूरचा कोपेश्वर डोळे भरून पाहिला आहे, त्याला ती कोरणी परकी वाटणार नाही. तिथे जाताना आवाज खाली ठेवावा आणि थडग्यांपुढे उभे राहून छायाचित्रे काढू नयेत. आई चर्चच्या आवारातल्या सावलीत बसल्या, तर त्यांना तिथूनच निम्मे बेट दिसेल: खालची खाचरे, माडांच्या रांगा, मांडवीचे पात्र आणि पलीकडच्या काठावर झाडांतून वर आलेले जुन्या गोव्याचे शुभ्र मनोरे. एके काळी व्यापाराचे एवढे मोठे शहर असलेले ते जुने गोवे रोगराईने ओसाड पडत गेले आणि १८४३ मध्ये राजधानीचा मान अधिकृतपणे पणजीकडे गेला. ज्या काठावर शहर होते तो काठ रिकामा झाला आणि ज्या काठावर शेती होती तो काठ अजून नांदता आहे, हे त्या आवारातून एका नजरेत दिसते.

टेकडी उतरल्यावर गावातल्या रस्त्यांवरून अर्धा-पाऊण तास पायी हिंडावे. जांभ्याची, गिलावा केलेली, निळ्या-पिवळ्या रंगांची घरे, दारापुढे दोन्ही बाजूंना दगडी बाकांची बैठक असलेले बलकांव, काही जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी बसवलेल्या शिंपल्यांच्या पातळ चकत्या, आणि त्याच ओळीत एखाद्या घरापुढे तुळशीवृंदावन. ही घरे राहती आहेत. गेल्या काही वर्षांत इथे येणारे लोक परक्याच्या बलकांवावर बसून छायाचित्रे काढतात आणि फाटके उघडून अंगणात शिरतात, याचा गावकऱ्यांना फार उपद्रव होतो. आपल्या वाड्याच्या सोप्यात अनोळखी माणसे येऊन बसली तर आपल्याला कसे वाटेल, एवढे मुलांना सांगितले तरी पुरेल. रस्त्यावरून हसून नमस्कार केला, तर उलट नमस्कार मिळतो आणि पुष्कळदा चार शब्दही.

बारानंतर ऊन टोचू लागते. तेव्हा जेवायला आणि विश्रांतीला नदी ओलांडून परत यावे. जुन्या गोव्यातली मोठी चर्चे त्याच दिवशी उरकण्याचा मोह टाळावा. १९८६ पासून जागतिक वारशात असलेली ती वास्तू-मालिका स्वतंत्र दिवस मागते, आणि दुपारी थकलेल्या मुलांना घेऊन ती पाहणे म्हणजे तिच्यावरही अन्याय आणि मुलांवरही.

प्रश्न : छत्रपती शिवाजी महाराजांनी जीर्णोद्धार केलेले श्री सप्तकोटेश्वराचे देऊळ दिवाडी बेटावर आहे, असे एका नातेवाइकांनी सांगितले, दुसऱ्यांचे म्हणणे असे की ते डिचोलीला आहे. खरे काय? आणि बेटाबरोबरच ते पाहता येईल का? — एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि घोटाळ्याचे कारण गावाचे नाव आहे. मूळ देऊळ दिवाडी बेटावरच्या नार्वे या वाडीत होते. आजचे देऊळ नदीपलीकडे, डिचोली तालुक्यातल्या नार्वे गावात आहे. देव हलला आणि त्याच्याबरोबर गावाचे नावही नदी ओलांडून गेले, असे समजावे.

सप्तकोटेश्वर हे गोव्याच्या कदंब राजांचे आराध्य दैवत होते. आपल्याकडे कोल्हापूर-पन्हाळ्याला शिलाहार राज्य करीत होते, त्याच शतकांत तिकडे कदंब होते. त्यांच्या नाण्यांवर आणि लेखांत, सप्तकोटीश्वराच्या कृपेने वर मिळवलेला, असे बिरुद राजे अभिमानाने लावीत. सप्तर्षींनी सात धातूंचे लिंग घडवून त्याची आराधना केली, अशी कथा सांगतात. चौदाव्या शतकात बहमनी सैन्याने हे देऊळ पाडले; त्या शतकाच्या अखेरीस विजयनगरच्या माधव मंत्र्याने ते पुन्हा उभारले; आणि सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते पुन्हा उद्ध्वस्त केले. तेव्हा भाविकांनी लिंग गुपचूप नदीपलीकडे नेले, कारण डिचोलीचा तो मुलूख त्या काळी पोर्तुगिजांच्या नव्हे, तर आदिलशाहीच्या ताब्यात होता. शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये, म्हणजे शके १५९० मध्ये, तिथल्या देवळाचे बांधकाम सुरू करविले. त्यांच्या आज्ञेचा उल्लेख असलेला शिलालेख देवळाच्या दारावर आहे. गोवा सरकारने अलीकडे देवळाची डागडुजी करून घेतली आणि २०२३ मध्ये ते पुन्हा भाविकांसाठी खुले झाले.

देवळाची घडण आपल्याकडच्या देवळांहून वेगळी आहे. अष्टकोनी चौथऱ्यावर बसवलेला घुमट, कौलारू उतरते छप्पर आणि पुढे दीपस्तंभ: एकाच इमारतीत किती परंपरा येऊन मिळाल्या आहेत, हे पाहण्यासाठी प्रदक्षिणा सावकाश घालावी. शिलालेखापाशी दोन मिनिटे उभे राहून अक्षरे लावून पाहण्याचा प्रयत्न अवश्य करावा. ज्या राजाच्या गादीचा एक वारसा आपल्या कोल्हापुरात नांदला, त्याच्या आज्ञेचे अक्षर आपल्यासमोर दगडात असते. मला तरी तिथून लवकर पाय काढता आला नाही.

आपण गडहिंग्लजकडून निघणार असल्यास आंबोलीऐवजी एक वेगळा मार्ग सुचवतो. संकेश्वरवरून बेळगाव, तिथून जांबोटी, चोर्ला घाट, केरी, साखळी आणि डिचोली असे उतरावे. या मार्गाने आधी नार्वेचे देऊळ लागते. दर्शन घेऊन नार्वेच्या धक्क्यावरून फेरीबोटीने दिवाडीवर जाता येते, बेट ओलांडून जुन्या गोव्याच्या धक्क्यावर उतरता येते, आणि एकही रस्ता दोनदा तुडवावा लागत नाही. मूळ देवळाच्या जागेजवळ बेटावर कोटितीर्थ नावाचे जुने, पायऱ्यांचे तीर्थ आहे. कोल्हापूरकरांना हे नाव घरचेच वाटेल, कारण आपल्या शहरातल्या तळ्याचेही हेच नाव आहे. मात्र देऊळ आणि पूर्ण बेट असे दोन्ही एकाच दिवसात करायचे असेल, तर आदल्या रात्री डिचोलीला किंवा साखळीला मुक्काम करावा. चोर्ला घाटातून रात्री गाडी चालवू नये.

प्रश्न : आम्ही दोघी मैत्रिणी इचलकरंजीला नोकरी करतो. आमच्याकडे गाडी नाही. सार्वजनिक वाहनाने दिवाडीला जाऊन फिरणे सोयीचे आणि सुरक्षित आहे का?

उत्तर : सोयीचे आहे, आणि माझ्या मते गाडीवाल्यांपेक्षा आपला दिवस अधिक चांगला जाईल. कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून गोव्याच्या बस मिळतात. पणजीच्या बसस्थानकावरून जुन्या गोव्याच्या बस दिवसभर चालू असतात आणि उतरल्यावर धक्का चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पणजीहून निघाल्यावर रायबंदरपर्यंत बस ज्या लांबलचक दगडी सेतूवरून धावते, तो १६३३-३४ मध्ये बांधलेला आहे. डाव्या हाताची खिडकी मिळाली तर नदी आणि पलीकडची बेटे दिसत राहतात.

बेटावर पायी हिंडावे किंवा पणजीहून भाड्याची स्कूटर घेऊन बोटीवर चढवावी. गोव्यात भाड्याच्या दुचाकीची पाटी काळी आणि तिच्यावरचे अंक पिवळे असतात. पांढऱ्या पाटीची खासगी दुचाकी कुणी भाड्याने देऊ लागला तर घेऊ नये, कारण पोलिसांनी अडवल्यास त्रास आपल्यालाच होतो. इंधन पणजीतच भरून घ्यावे. सुरक्षिततेविषयी एवढेच सांगतो, की गाव वस्तीचे आहे, लोक सभ्य आहेत, पण खाजनातले रस्ते दिवे लागणीनंतर निर्मनुष्य होतात. म्हणून सूर्यास्त धक्क्याजवळ पाहावा आणि अंधार पडण्याआधी नदी ओलांडावी. परतीच्या शेवटच्या फेरीची वेळ सकाळी उतरतानाच धक्क्यावर विचारून ठेवावी.

प्रश्न : ऑगस्टमध्ये दिवाडीवर बोंदेरां नावाचा उत्सव असतो, असे कळले. तो पाहायला जावे का? — एक वाचक, कागल

उत्तर : उत्सव अवश्य पाहावा, पण शांत बेट पाहण्याची अपेक्षा त्या दिवशी घरी ठेवून जावे. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी पिएदादला हा उत्सव होतो. बोंदेरां हा शब्द झेंडा या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून आला आहे. गावच्या वाड्यांमध्ये हद्दीवरून तंटे होत, ते मिटवण्यासाठी पोर्तुगिजांनी हद्दींवर झेंडे लावले, आणि लोक एकमेकांचे झेंडे पाडू लागले. त्या भांडणाचे आज खेळात रूपांतर झाले आहे, अशी त्याची कथा आहे. वाड्यावाड्यांच्या मिरवणुका आणि चित्ररथ निघतात, वाद्ये वाजतात, आणि मुले फोटाश नावाच्या बांबूच्या नळीतून रानफळे उडवून लुटुपुटीची लढाई करतात. फेरीबोटींना त्या दिवशी मोठी रांग असते, म्हणून चारचाकी नदीच्या अलीकडेच ठेवून पायी चढावे. पावसाळ्यातले हिरवे बेट पाहायचे असेल तर त्याच्या दोन-तीन दिवस आधी किंवा नंतर, कामाच्या वारी जावे. कोरगुट तेव्हा गुडघ्याएवढा झालेला असतो आणि सर येऊन गेली की सगळे खाचर एकदम उजळते.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. बेटावर जेवणाची सोय होईल का? — एक वाचक, जयसिंगपूर

उत्तर : बेटावर खाण्याची ठिकाणे मोजकी आहेत आणि त्यांचा भर माशांवर आहे, त्यामुळे शाकाहारी मंडळींनी सकाळचा नाष्टा पणजीत करून घ्यावा, भाजी-पाव सर्वत्र मिळतो. बरोबर घरच्या दशम्या, चटणी आणि पुरेसे पाणी ठेवावे, आणि कागद-पिशव्या परत घेऊन यावे. सकाळी सायकलवरून भोंगा वाजवत पाव विकणारा पोदेर भेटला, तर त्याच्याकडून गरम पोई जरूर घ्यावी; कोंड्याची, आतून पोकळ अशी ही गोल रोटी दशमीच्या चटणीबरोबर फार चांगली लागते. मासे खाणाऱ्यांसाठी अर्थातच हुमण म्हणजे माशांची आमटी, भात आणि सोलकढी आहे. शाकाहारी ताटात खतखते, म्हणजे अनेक भाज्या एकत्र शिजवलेली भाजी, मिळाले, तर दुसरे काही मागवू नये.

प्रश्न : दिवाडीबरोबर चोडण बेटावरचे पक्षी अभयारण्यही त्याच दिवशी पाहून होईल का? माझा मुलगा पक्षिनिरीक्षण करतो. — एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : अंतराचा विचार केला तर होईल, दिवाडीहून रायबंदरला फेरीबोटीने यावे आणि त्याच काठावरून चोडणच्या फेरीबोटीत बसावे. चोडणच्या पश्चिम टोकाला डॉ. सलीम अली यांच्या नावाचे अभयारण्य आहे. ते जेमतेम १७८ हेक्टरांचे असून बहुतांश खारफुटीचे आहे. परंतु पक्षिनिरीक्षण करणाऱ्या मुलाला घेऊन दुपारी तिथे जाण्यात अर्थ नाही. पक्षी सकाळी दिसतात, आणि सकाळ एकच असते. त्याच्यासाठी जात असाल, तर क्रम उलटा करा: पहिली सकाळ चोडणला द्या आणि दिवाडी दुपारी चारनंतर, उन्हे कलल्यावर ठेवा. अभयारण्यात जाण्याआधी त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा पाहून ठेवाव्यात. भरतीला खारफुटीच्या आतल्या चिंचोळ्या प्रवाहांतून होडी नेता येते. ओहोटीला होडी अडते, पण चिखल उघडा पडल्यामुळे पाणथळीतले पक्षी मोठ्या संख्येने खाली उतरतात. मुलाची आवड कोणती, हे त्यालाच विचारून वेळ ठरवावी. दुर्बीण आणि पूर्ण बाह्यांचे मळकट रंगाचे कपडे न्यावेत. पांढरा सदरा नको. डासांसाठी मलम विसरू नये.